पाणी मागणारी बाई

“मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?”

गाडी दौंडला उभी होती. नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. त्यात अर्धा तास सहज मोडायचा. गाडी निघाली की इतका वेळ पुढं तोंड करून बसलेला माणूस एकदम पाठमोरा प्रवास करू लागायचा. नेहमीचे लोक याला सरावलेले असत, एखादा नवखा मात्र घाबरून विचारायचा, “अहो, परत नगरला चालली का काय?”

मे महिना होता. खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसत होता. विचारणारा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. शर्टाची कॉलर घामाने पिवळी पडलेली, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून पातळ पुस्तिकांच्या कडा बाहेर आलेल्या. त्या कडा मी ओळखल्या. माझं लहानपण तसल्याच गठ्ठ्यांशेजारी गेलंय.

“विचार की,” मी म्हटलं.

“मेल्यावर तुम्ही कुठं जाणार, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“आधी पुण्याला तर पोचू दे.”

समोरच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. मुलगा हसला नाही. या उत्तराची तयारी त्याने केलेली नव्हती. पाठ केलेल्या धड्यातली एक ओळ गळावी तसा तो क्षणभर अडला आणि मग सरळ पुढच्या ओळीवर गेला. त्याचे वडील प्यायचे. घरात रोजची मारहाण. मग त्याला स्वतःला कसलासा ताप आला, डॉक्टर थकले, शेजारच्या एका बंधूंनी येऊन प्रार्थना केली आणि ताप उतरला. तेव्हापासून तो प्रभूचा झाला.

मी त्याला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं की, बाळा, मी मंडळीतलीच आहे. माझा बाप्तिस्मा पाळण्यातला. माझी आजी बायबल बाई होती, तुझ्याएवढी असल्यापासून नगर जिल्ह्यातली खेडी पायी फिरली. आमच्या घरात माणसं भेटली की अजून ‘सलाम’ म्हणतात. यातलं मी काही सांगितलं नाही. सुरुवातीला निव्वळ खोडी म्हणून. हे बोलणं पलीकडच्या बाकावरून कसं ऐकू येतं ते एकदा बघू म्हटलं. आम्ही जन्मभर ते अलीकडून ऐकलेलं.

पलीकडून ते कसं ऐकू येतं? तापाची गोष्ट सांगत होता तोवर चांगलं येत होतं. आईने ओल्या फडक्याच्या घड्या कपाळावर बदलल्या, रात्री कंदिलाची वात मोठी केली, हे तो सांगत होता तेव्हा त्याचा आवाज त्याचा होता. आमच्या मंडळीत याला ‘साक्ष देणं’ म्हणतात. शब्द कोर्टातला आहे, आणि चांगला आहे: पाहिलं तेवढं सांगायचं, पुढचं न्यायाधीशाकडं. पण ताप उतरला तसा आवाजही बदलला. आता तो ‘तुम्ही’ म्हणायला लागला. तुम्ही पापी आहात, तुमच्याजवळ वेळ थोडा आहे, तुम्ही आज ठरवलं पाहिजे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरून हा पोरगा वकिलाच्या जागी कधी जाऊन उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. मी मनाने मागं सरकले. जन्माने ख्रिस्ती असलेली बाई, येशूचं नाव ऐकून मागं सरकले!

आणि मग समोरचे गृहस्थ बोलले. इतका वेळ ते पेपरमागं होते. पेपर खाली आला.

“धर्म बदलायला गाडी सापडली का तुम्हाला? किती मिळतात रे एका माणसामागं?”

डबा गप्प झाला. असल्या गप्प होण्याला आपल्याकडं आता एक वजन आलंय. कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय. आणि प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगून ठेवलंय. माझ्या वडिलांना हे सगळं मुखोद्गत होतं. पण उन्हाने तापलेल्या पॅसेंजरच्या डब्यात कलम कुणी काढून दाखवत नाही. तिथं नुसत्या नजरा असतात.

त्या गृहस्थांनी डब्यावर नजर फिरवली. कोण कुणाच्या बाजूचं ते बघावं तशी. ती माझ्यापाशी आली तेव्हा मी पदर सारखा केला. माझ्या मंगळसूत्रात वाट्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढा क्रूस आहे. तो पदराखाली गेला.

आमच्या पवित्र शास्त्रात पेत्राची गोष्ट आहे. अंगणातल्या शेकोटीपाशी एक दासी त्याला म्हणते, तूही त्याच्याबरोबर होतास, आणि तो म्हणतो, मी नाही बुवा त्याला ओळखत. असं तीनदा. मग कोंबडा आरवतो. दौंडला भर दुपारी कोंबडा कुठला? चहावाला ओरडत गेला, तेवढंच.

पुढं जे झालं त्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे. गाडी हलली. मुलाचं तोंड सुकलं होतं, भीतीने की बडबडीने कोण जाणे. त्याने पिशवी चाचपली. बाटली रिकामी निघाली. त्याने माझ्याकडं पाहिलं नाही. त्या पेपरवाल्या गृहस्थांकडंच पाहून तो म्हणाला, “काका, पाणी आहे का?”

हे धड्यातलं नव्हतं. काका गोंधळले. भांडायला तयार असलेल्या माणसाकडं पाणी मागितलं की त्याचे हात आधी हलतात, डोकं मागून येतं. त्यांनी बाटली दिली. मुलाने मान मागं टाकून वरून पाणी घटाघटा प्यायलं, हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत गेला.

“कुठला रे तू?”

“श्रीगोंद्याकडचा.”

“कुणाचा? पाटपाणी आहे का यंदा?”



पाटस मागं पडलं, मग कडेठाण. तेवढ्या वेळात त्या दोघांचं उसावरून कांद्यावर आणि कांद्यावरून त्याच्या बापाच्या दारूवर बोलणं गेलं. काकांचा धाकटा भाऊही त्यातच गेलेला निघाला. येशूचं नाव पुन्हा निघालं नाही. केडगावला मुलगा उतरला. उतरताना एक पातळ पुस्तिका त्याने माझ्या हातात ठेवली, योहानाचं शुभवर्तमान. काकांनाही दिली. काकांनी ती घेतली, दोनदा घडी केली आणि शर्टाच्या खिशात, चष्म्यामागं, ठेवली. वाचली असेल की केडगावच्या पुढं खिडकीतून टाकली असेल, मला माहीत नाही. मी यवतपर्यंत त्या खिशाकडं बघत होते.

केडगाव म्हटलं की आमच्याकडं आधी मुक्ती मिशन आठवतं. पंडिता रमाबाईंनी इथं विधवा आणि दुष्काळात उघड्या पडलेल्या बायकामुली आणून वसवल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र सोप्या, बायकांच्या मराठीत आणलं, तेही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्यापुढं तेच काम होतं. पण रमाबाईंना हे कुणी दिलं? ख्रिस्ती होण्याआधी त्या आसामात सिल्चरला होत्या, आणि घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. एक पातळ पुस्तिका. मूळ कुणी कुणाला दिली असेल, घेणाऱ्याने वाचली असेल की नुसती कपाटात सारली असेल? देणाऱ्याला तर ती फुकटच गेली असं वाटलं असणार. पुढं मिशनऱ्याशी बोलणं झालं, पती गेले, विलायतचा प्रवास झाला, १८८३ साली वाँटेजला बाप्तिस्मा झाला.

आगगाडी म्हटली की मात्र नारायण वामन टिळक. आमच्या घरात ही गोष्ट इतकी सांगितली गेलीय की लहानपणी मला वाटायचं, टिळक नगरच्याच गाडीत बसले होते. पण ती गाडी नागपूरहून राजनांदगावला जाणारी, १८९३ च्या सुमाराची. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्याने सभ्यपणे जागा करून दिली, कवितेवर बोलणं निघालं आणि रंगलं. उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार दिला, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला. पुस्तकाचं रूप टिळकांना काही आवडलं नव्हतं. माणूस आवडला होता, म्हणून त्याच्याखातर वाचायचं ठरवलं. वाचताना खुणा करत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

वडील ही गोष्ट सांगताना नेहमी त्या ‘दोन वर्षांत’पाशी थांबायचे. त्यांच्या लेखी चमत्कार तिथं होता. माझं मन त्याच्या आधीच अडायचं. तो गोरा माणूस आधी कवितेवर बोलला. टिळकांना काय आवडतं ते त्याने आधी ऐकून घेतलं. आमच्या शास्त्रात फिलिप्पही असाच एका रथाशेजारून धावतो, आतला परदेशी अधिकारी काहीतरी वाचतोय हे ऐकतो, आणि पहिलं विचारतो काय, तर वाचताय ते समजतंय का? अधिकारी म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार, ये, वर बस. रथात चढायला फिलिप्पाला आमंत्रण लागलं.

हे सगळं मी रविवारच्या शब्बाथ शाळेत कितीदा सांगितलंय. पण वय वाढलं, घर-संसार झाला, आणि एकदा टिळकांच्या पत्नीचं, लक्ष्मीबाईंचं, ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा त्या आगगाडीच्या गोष्टीचं दुसरं टोक हाती आलं. त्या डब्यात लक्ष्मीबाई नव्हत्या. तो भला गृहस्थ आपल्या स्टेशनावर उतरून गेला. टिळक दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेऊन बसले. आणि मुलाला पोटाशी धरून नवऱ्यावाचून राहायची पाळी आली ती लक्ष्मीबाईंवर. भावाबहिणींच्या आधाराने, पंढरपुरात, लोकांच्या तोंडून काय काय ऐकत. पुस्तक दिलं एकाने, घेतलं दुसऱ्याने, किंमत मोजली तिसरीने. त्यांनी ते सगळं इतक्या हसत लिहिलंय की आपणही हसत पानं उलटतो आणि मग रात्री झोप येत नाही. पाच वर्षांनी, १९०० साली, त्याही ख्रिस्ती झाल्या. पण त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या. नवऱ्यालाही त्यांना ओढून आणता आलं नाही. पुढं टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं ते त्यांनीच.

तेव्हापासून कुणी अनोळखी माणसाला ‘आजच ठरवा’ म्हणाला की मला लक्ष्मीबाई दिसतात. ज्याला तू आज ठरवायला सांगतोस त्याच्या घरी कोण आहे, तुला ठाऊक आहे का? तू तर केडगावला उतरणार.

आजी कुठंच उतरून जायची नाही. म्हणजे, ती परत त्याच गावाला जायची. हाच काय तो फरक. तिच्याकडं नेमून दिलेली सात-आठ गावं होती, नेवाशाच्या बाजूची. महिन्यातून एकदा प्रत्येक गावाला जाणं व्हायचं. पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, रंगीत चित्रांची गुंडाळी, भाकरी-चटणीचं फडकं, आणि काळी छत्री. कुठल्याही घरी गेली की ती आधी जात्यापाशी बसायची. समोरची बाई एका हाताने दळत असेल तर हिचा हात खुंट्यावर. बाजरीची पायली संपेपर्यंत ती गावातल्या ओव्या ऐकायची, आणि मधूनच एखादी आपली म्हणायची. तिच्या ओवीत येशू असायचा, मरिया असायची, पण मरिया बाळंतपणाला माहेरी गेली नाही म्हणून हळहळही असायची. गोव्याला रायतूरच्या मठात एका इंग्रज पाद्र्याने, फादर स्टीफन्सने, १६१६ साली ख्रिस्ताची सबंध कथा अशीच ओव्यांत छापली होती, हजारो ओव्यांत, हे आजीला ठाऊक नव्हतं. तिला तिची ओवी जात्याने शिकवली.

मी सहा-सात वर्षांची असताना एकदा तिच्याबरोबर गेले होते. त्या दिवसाचं मला दुसरं काही आठवत नाही, पण विहीर आठवते. उन्हाची वेळ. विहिरीवर तीन-चार बायका पाणी शेंदत होत्या. आजी थोडी लांबच थांबली. आमचं घर मूळचं महारवाड्यातलं. आजोबांच्या आधीच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला होता, मिशनच्या शाळेत शिकली होती, पण विहिरीला ते कुठं माहीत? (कागदाला मात्र माहीत होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या यादीतून ख्रिस्ती झालेला माणूस बाहेर. त्यामुळं वडिलांच्या अर्जावर आम्ही महार नव्हतो आणि विहिरीवर मात्र होतो. आमच्या भावकीतली काही घरं १९५६ नंतर बुद्धाच्या वाटेने गेली. त्यांच्या-आमच्यात लग्नकार्याला जाणं-येणं आहे, आणि वाद घालायला विषय कधी कमी पडत नाही.)

तर आजी लांब उभी राहून म्हणाली, “बाई, पाणी वाढता का?”

एक बाई पुढं आली. आजी खाली वाकली, दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडाशी धरली, आणि त्या बाईने वरून, हातभर उंचीवरून, पाण्याची धार सोडली. घागर कुठं लागू नये इतक्या बेताने. निम्मं पाणी आजीच्या कोपरांवरून खाली मातीत गेलं. मग मी. मला ओंजळ नीट धरता येईना. माझं सगळंच सांडलं. ती बाई हसली आणि तिने धार बारीक केली.

पाणी पिऊन झाल्यावर आजी तिथंच बाभळीखाली बसली आणि तिने गोष्ट सांगितली. कुठली, तर शोमरोनी बाईची. असाच भर दुपारचा प्रहर, अशीच विहीर, पूर्वजांनी खणलेली. येशू दमून काठावर बसलाय. जवळ पोहरा नाही. पाण्याला एक बाई येते, त्या जातीची, जिच्या भांड्याला यहुदी लोक शिवत नसत. आणि तो तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती म्हणते, तुम्ही माझ्या हातचं पाणी मागता?

सांगणारी कोण, ऐकणाऱ्या कोण, आणि विहिरीपासून कोण किती पावलांवर बसलंय, हे मला तेव्हा कळलं नाही. आजीने त्यावर बोटही ठेवलं नाही. तिने कुणाला ‘तुम्ही’ म्हटलं नाही. गोष्टीतल्या बाईबद्दल सांगत राहिली: तिला पाच नवरे कसे झाले, तिला सगळं ओळखणारा हा माणूस पाहून ती कशी चपापली, घागर तिथंच टाकून गावात कशी धावत गेली.

धार सोडणारी बाई ऐकत होती. ती म्हणाली, “मंग त्याला पाणी दिलं का न्हाई तिनं?”

आजी गप्प झाली. इतकी वर्षं सांगूनही हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर कंदिलापाशी बसून तिने तो अध्याय बोट ठेवून वाचला, योहान, चौथा. मलाही वाचून दाखवायला लावला. पाण्याबद्दल एवढं सगळं बोलणं आहे, पण तो पाणी प्याला असं कुठंच लिहिलेलं नाही. घागर काठावर राहते, बाई गावात जाते, शिष्य जेवण घेऊन येतात तर तो जेवतही नाही. पुढच्या महिन्यात आजीने त्या बाईला जाऊन सांगितलं, “लिहिलेलं न्हाई बाई. पर मला वाटतं, दिलं आसंल.” ती बाई पुढं ख्रिस्ती झाली का? नाही. आजी तिच्याकडं वीस-बावीस वर्षं जात राहिली. तिच्या मुलीच्या लग्नात आजीच्या नावाने एक लुगडं आलं होतं.

हे मी आमच्या पाळकांना एकदा सांगितलं तेव्हा ते हळूच म्हणाले, म्हणजे फळ काही दिसलं नाही. पाळक भला माणूस. मी वाद घातला नाही.

केडगावला उतरलेल्या त्या मुलाने काकांना पाणी मागितलं तेव्हा मला आजीची ओंजळ आठवली, आणि मग मी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, सापडलं! अनोळखी माणसाशी बोलायची हीच तर रीत: आधी मागावं. पुढच्या खेपेला एसटीत शेजारच्या बाईला मी म्हटलं, “पाणी आहे का हो?” माझ्या पिशवीत लिटरभराची भरलेली बाटली होती. त्या बाईने पाणी दिलं. मी एक घोट घेतला. आणि मला पुढं काही बोलता येईना. तहान नसताना मागितलेलं पाणी होतं ते. घशाखाली उतरताना लबाडीसारखं लागलं. तिने विचारलं, “अजून घ्या ना.” मी नको म्हटलं आणि शिरूरपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. येशू खरंच दमला होता. आजी खरंच सहा मैल चालून आली होती. त्या पोराचा घसा खरंच कोरडा पडला होता.

मग तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेरच्या मोकळ्या जागेत मी दोन रात्री काढल्या. (ते आता बरे आहेत, रोज सकाळी मिठावरून भांडतात.) तिथं खुर्च्या कमी आणि नातेवाईक जास्त. चादरी अंथरून माणसं भिंतीकडेला पडलेली, चपलांवर नावाच्या चिठ्ठ्या नसल्या तरी कुणाची कुठली हे सगळ्यांना पाठ. काचेचं दार उघडलं की सगळे एकदम उठून बसायचे, कारण परिचारिका कुठल्या पेशंटचं नाव घेईल याचा नेम नसे. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचणार होता. मला जागा सोडून जाता येईना. रात्री दोनच्या सुमाराला घसा इतका सुकला की जीभ टाळ्याला चिकटली.

शेजारी एक बाई बसली होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कपाळावर भंडारा, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. तिचा मुलगा आत होता. मोटारसायकलवरून पडलेला. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “पाणी आहे का हो?”

तिने बाटली काढली. मी मान मागं टाकली आणि बाटली उंच धरली, सवयीने.

“तोंड लावून प्या की,” ती म्हणाली. “काय होतंय?”

मी तोंड लावून प्याले. सगळी बाटली प्याले. मान मागं गेल्यावर पदर सरकला असावा, कारण बाटली खाली आली तेव्हा ती माझ्या गळ्याकडं बघत होती.

“तुम्ही त्या येशूच्या का?”

“हो,” मी म्हटलं. दौंडला हा एवढाच शब्द निघाला नव्हता.

“आमचा खंडोबा,” ती म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून एक पुडी सोडून तिने चिमूटभर भंडारा माझ्या तळव्यावर ठेवला. “तुमच्या मालकांना.” मी मूठ मिटली. आजीने काय केलं असतं, याचा विचार करत राहिले. वडिलांनी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. मूठ मी उघडलीही नाही आणि झटकलीही नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुमच्यात मोठ्यानं म्हणत्यात ना? देवाला सांगत्यात, आसं आसं झालंय म्हणून?”

“प्रार्थना. हो.”

“मंग माझ्या पोरासाठी म्हणा की.”

चाळीस वर्षं मी मंडळीत प्रार्थना केलीय. पण ती आपल्या माणसांत, ‘हे स्वर्गीय पित्या’पासून ‘आमेन’पर्यंत, रुळावरून जाणारी. इथं सभोवती चादरी पांघरलेली अनोळखी माणसं, काचेआडून यंत्राचा टिक्‌टिक् आवाज, आणि माझ्याकडं डोळे लावून बसलेली ही बाई. तिने डोळे मिटले नव्हते. मिटायचे असतात हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मला शब्द सुचेनात. एक हात तिच्या हातात, दुसरी मूठ भंडाऱ्यावर मिटलेली, मी कसंबसं सुरू केलं: देवा, ह्या बाईचं पोरगं आत आहे. त्याच्या डोक्याला लागलंय. दोन दिवस ही जेवलेली नाही.

“नाव सांगा त्याचं,” ती मधेच म्हणाली, आणि तिने नाव सांगितलं. मी ते घेतलं.

“आन् खाट नंबर सतरा,” ती म्हणाली. “सतरा सांगा. आत लई पोरं हायेत.”

मी सांगितलं, देवा, खाट नंबर सतरा.